दुसऱ्याच्या छातीवरची पदकं

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याहून एक फोन आला. "काका, आजोबांच्या त्या बिल्ल्यांची किंमत काय असंल हो?"

फोन करणारा तरुण शेंडी गावचा. धरणाच्या पाण्याकाठी त्याचे सहा तंबू आहेत. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लगडतात आणि ते पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. वर्षभराची कमाई त्याला या दिवसांत आणि नंतरच्या पावसाळ्यात करावी लागते. तर अशाच एका पाहुण्याचं लक्ष जेवणाच्या शेडमधल्या भिंतीकडे गेलं. तिथे काचेच्या चौकटीत उशीचा एक जुना अभ्रा लावलेला आहे. त्यावर चाळीसेक बिल्ले टोचलेले आहेत. त्यात लेनिन आहे, ट्रॅक्टर आहे, गव्हाच्या ओंब्या आहेत, स्पुटनिक आहे. पाहुणा म्हणाला, "चौकटीसकट पाच हजार देतो." तरुण बुचकळ्यात पडला आणि त्यानं मला फोन लावला, कारण माझ्याबद्दल त्याच्या घरात एक समज आहे. 'बँकेतल्या काकांना त्यातलं कळतं.'

थोडंफार कळतं, हे खरं. गेली तीस वर्षं मी सोव्हिएत संघाची पदकं जमवतो आहे. जो देश 1991 च्या डिसेंबरात नकाशावरून पुसला गेला, त्या देशानं आपल्या माणसांच्या छातीवर लावलेली पदकं माझ्या कपाटात आहेत. आमच्या घरी या संग्रहाला 'रशियाचं भंगार' म्हणतात. फोनवर किंमत सांगणं काही अवघड नव्हतं. पण मी म्हणालो, "दोन दिवस थांब. मी येतो." कारण माझा हा सगळा छंद सुरू झाला होता तो त्या उशीच्या अभ्र्यापासूनच.

हकिकत 1987 सालची. अकोले तालुक्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली होती. नोकरी लागून पाच-सहा वर्षं झालेली, लग्न नुकतंच झालेलं. विहिरीवरचं इंजिन, दुभती म्हैस, सोनेतारण असली कर्जं आम्ही देत असू. अकोले तालुक्यात लाल बावट्याची परंपरा जुनी. त्या परंपरेतले एक म्हातारे कार्यकर्ते शाखेत नेहमी येत. कुणाचा अर्ज भरून दे, कुणाच्या हप्त्याला मुदत माग, अशी त्यांची कामं असत. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही. सगळे त्यांना कॉम्रेड म्हणत, मीही म्हणू लागलो. सत्तरच्या दशकात शेतकऱ्यांच्या एका शिष्टमंडळातून त्यांना रशियाची वारी घडली होती. आळंदी-पंढरीच्या वारीबद्दल बोलावं तसं ते त्या वारीबद्दल बोलत.

एका रविवारी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. जेवणानंतर त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून तो अभ्रा काढला. रशियात माणसं भेटली की एकमेकांना बिल्ले देतात, हे त्यांनी मला सांगितलं. त्याला रशियन भाषेत 'झ्नाचोक' म्हणतात, आणि शाळकरी पोरांपासून कारखान्याच्या साहेबापर्यंत सगळ्यांना त्याचं वेड. मग ते मला धरणाच्या भिंतीकडे घेऊन गेले.

"ह्या धरणाला नाव कोणाचं, सायेब?"

"विल्सन डॅम."

"आन् तळ्याला?"

"आर्थर लेक."

"माझ्या बापानं हितं चुना वाह्यला. सोळा वर्सं काम चाललं. त्याचं नाव कुठं हाय? तिकडं दूध काढणाऱ्या बाईच्या छातीवर पदक आस्तं. म्या डोळ्यांनी पाह्यलंय."

प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. विल्सनसाहेबांनी एक दगडही उचलला नसणार. कॉम्रेडचा मुद्दा मला बिनतोड वाटला. निघताना त्यांनी अभ्र्यावरचा एक बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. पाच पाकळ्यांची लाल चांदणी, मध्ये कुरळ्या केसांचा लहानगा लेनिन. तिकडे पहिली-दुसरीतल्या मुलांच्या गणवेशावर तो असे. "तुमच्या पोराला," ते म्हणाले. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं.

कॉम्रेड म्हणाले ते खोटं नव्हतं. सोव्हिएत राजवटीत शौर्याला जशी पदकं होती तशीच कष्टाला होती. 1938 साली तिथे श्रमासाठी दोन स्वतंत्र पदकं सुरू झाली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या दोनबासच्या कोळसाखाणी पुन्हा उभ्या करणाऱ्यांसाठी 1947 साली पदक निघालं, पडीक माळरानं नांगरणाऱ्यांसाठी 1956 साली. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्यासाठी आणि आगीत उडी घेणाऱ्यासाठी 1957 साली. माझ्या संग्रहात ही सगळी आहेत. त्यांतलं बुडत्याला वाचवणाऱ्याचं पदक मला फार आवडतं. कुणी तरी कुठल्या तरी नदीत कपड्यांसकट उडी घेतली असेल, त्याची ही पावती.

आपल्या माणसांच्या वाट्यालाही या देशाची मानचिन्हं आली. 1944 साली रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधले सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना 'रेड स्टार' मिळाला. इराणच्या वाटेनं रशियाला रसद पोचवण्याच्या कामाबद्दलचा हा मान होता. निकम मद्रास प्रांतातले, पण आडनाव आपल्याला घरचंच वाटावं असं. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांना 1974 साली 'ऑर्डर ऑफ लेनिन' मिळाली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा 1984 साली अंतराळात जाऊन आले, तेव्हा त्यांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब आणि त्याबरोबर सोन्याचा तारा मिळाला. डांगे 1991 च्या मे महिन्यात वारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती ऑर्डर देणारा देशही गेला.

पण या पदकांची दुसरी बाजूही वाचकांना सांगायला हवी. क्रांतीनंतरचं पहिलं मोठं लष्करी मानचिन्ह म्हणजे 'रेड बॅनर'. ते 1918 साली सर्वांत आधी ज्याला मिळालं, तो वासिली ब्ल्यूखर पुढे मार्शल झाला. 1938 साली स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडलं आणि तो कोठडीतच मेला. अशा हजारोंची पदकं अटकेबरोबर काढून घेतली गेली. उलट ब्रेझनेव्हच्या छातीवर पदकांना जागा उरली नव्हती. छाती रुंद करण्यासाठी त्यांचं ऑपरेशन करायचं चाललंय, असा विनोदच रशियन लोक करत. युद्धातल्या सर्वोच्च सेनापतींसाठी असलेली हिरेजडित 'ऑर्डर ऑफ व्हिक्टरी' त्यांना 1978 साली दिली गेली आणि ते गेल्यानंतर, 1989 साली, ती रद्द झाली. देणाराही सरकार, काढून घेणाराही सरकार. हे सगळं मला 1987 साली ठाऊक नव्हतं आणि कॉम्रेडना ठाऊक असलं तरी त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

खरा संग्रह सुरू झाला तो त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. तेव्हा मी पुण्यात होतो. रविवारी सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारायची सवय लागली होती. तिथे गंजलेले पाने, फुटके ग्रामोफोन आणि राणीछाप रुपये यांच्यामध्ये एके दिवशी पदकं दिसली. विकणारा म्हणाला, "दिल्लीहून माल आलाय, साहेब. रशियन लोक येतात ना कपडे न्यायला, ते आणतात." मी बँकेतला माणूस. त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला चटकन कळला. 1992 च्या जानेवारीत रशियात भाव मोकळे सोडले गेले आणि त्या एका वर्षात किमती पंचवीस पटींहून जास्त चढल्या. आयुष्यभर बचत खात्यात साठवलेल्या रुबलांतून चार दिवसांची भाजी येईना. पेन्शनीतल्या माणसांनी मग घरात जे होतं ते फुटपाथवर मांडलं. भांडी, पुस्तकं, दुर्बिणी आणि पदकं.

पदक पाहायचं कसं, हे मी हळूहळू शिकलो. खोट्या नोटा ओळखायची सवय इथे कामी आली. सोव्हिएत पदक पंचकोनी पट्टीवर गुंडाळलेल्या फितीला कडीनं लोंबतं. 'ऑर्डर' दर्जाची जुनी मानचिन्हं मात्र कोटाला भोक पाडून मागून चाकीनं आवळलेली असतात. 'रेड स्टार' चांदीचा, त्याच्या पाकळ्यांवर गडद लाल मीना, मध्ये बंदूक धरून उभा असलेला सैनिक. नकली ताऱ्याचा मीना प्लास्टिकसारखा चकाकतो आणि सैनिकाच्या ओव्हरकोटाच्या चुण्या पुसट असतात. 'ऑर्डर ऑफ लेनिन'मध्ये अठ्ठावीस-एक ग्रॅम सोनं आणि वर लेनिनची प्लॅटिनमची मुद्रा, त्यामुळे ती माझ्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. जर्मनीवरच्या विजयाचं पितळी पदक मात्र जवळजवळ दीड कोटी लोकांना मिळालं होतं. जुन्या बाजारात ते मला साठ रुपयांना पडलं.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला असते. ऑर्डरच्या पाठीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. नाव नसतं, नुसता आकडा. तो कुणाचा, हे सोबतच्या छोट्या पुस्तिकेत लिहिलेलं असे. पुस्तिका हरवली की आकडा मुका होतो. मग मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी दप्तरखान्यात नोंद सापडली तरच नाव कळायचं. 2010 साली रशियाच्या संरक्षण खात्यानं युद्धातल्या पुरस्कारांच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या केल्या. पण त्यात शोधायलाही आधी नाव हाताशी लागतं.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या आपल्या शिपायांच्या चांदीच्या पदकांवर याच्या उलट प्रकार होता. त्यांच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असे. नगरचे एक सराफ आमच्या शाखेसाठी सोन्याची पारख करत. त्यांनी मला सांगितलं होतं की 1980 च्या सुमारास चांदीचा भाव कडाडला, तेव्हा खेड्यांतून अशी कितीतरी पदकं मोडीत आली. "नाव असलं काय, नसलं काय. मुशीत सगळी सारखीच." त्यांचं हे वाक्य मी विसरलेलो नाही.

आता ज्या पदकापायी मी हा लेख लिहितो आहे, त्याकडे येतो. 1996 चा पावसाळा असावा. जुन्या बाजारातल्या त्याच माणसानं एक पुडी पुढे केली. आत रुपेरी पदक, त्यावर कडेवर मूल घेतलेली आई. सोबत पुस्तिका. मी शंभराला मागितलं, त्यानं दोनशे सांगितले, एकशे चाळीसला सौदा तुटला. रशियन जाणणाऱ्या एका बाईंनी मला पुस्तिका वाचून दाखवली. सहा मुलांना जन्म देऊन वाढवल्याबद्दल अमुक बाईंना मातृत्व पदक, पहिली श्रेणी. खाली 1950 सालचा शिक्का. नाव मी इथे लिहीत नाही. ते तिच्या घरच्यांचं आहे.

युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसं मेली. युद्ध चालू असतानाच, 1944 च्या जुलैत, तिथल्या सरकारनं आयांसाठी पदकांची उतरंड रचली. पाच आणि सहा मुलांना मातृत्व पदक, सात ते नऊ मुलांना 'मातृगौरव', दहा किंवा अधिक मुलांना 'वीरमाता' हा किताब आणि सोन्याचा तारा. पहिली वीरमाता ठरली आन्ना अलेक्साखिना. तिला बारा मुलं, मुलगे युद्धावर गेले, त्यांतले चार परतले नाहीत. तेव्हा हा काही निव्वळ कौतुकाचा मामला नव्हता. सरकारला माणसं हवी होती. आपल्याकडे पुढे लाल त्रिकोण आला आणि सरकारला कमी माणसं हवीशी झाली, एवढाच फरक. 2022 साली रशियानं वीरमातेचा किताब पुन्हा सुरू केला, तेव्हा मला या पदकाची आठवण झाली.

ते पदक मी आईला दाखवलं. आईला आम्ही सहा मुलं, त्यांतली चार जगलो. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद तिनं नमस्काराला वाकून कितीदा तरी घेतला असेल, पण पोरं वाढवण्याबद्दल तिला कुणी काही दिल्याचं मला आठवत नाही. आम्हीसुद्धा नाही. तिनं पदक पदराला पुसलं, चष्मा लावून ती कडेवरच्या मुलाकडे बघत राहिली. मला वाटलं, किंमत विचारेल. तिनं विचारलं, "सहा होती ना तिला? मग विकायची पाळी कशी आली?"

माझ्याकडे उत्तर होतं. रुबल, भाववाढ, 1992, पेन्शन. मी ते सगळं सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते झालं पैशाचं. पोरं कुठं होती?"

त्यानंतर कित्येक रविवार मी जुन्या बाजारात गेलो नाही. एकशे चाळीस रुपयांच्या सौद्याचा मला अभिमान वाटला होता, तो बोचू लागला. सोनेतारणाच्या काउंटरवर मी वर्षानुवर्षं बसलो होतो. मंगळसूत्र काढून ठेवणाऱ्या बाईची नजर मला ओळखीची होती. पण तिथे निदान सोडवून नेण्याची सोय असते, पावती असते, मुदत असते. इथे पावती माझ्या हातात होती आणि दागिना सोडवायला येणारं माणूस तीन हजार मैलांवर. ती जिवंत तरी होती की नाही, कोण जाणे. कदाचित तिनं विकलंच नसेल. तिच्यामागे नातवानं ट्रंक रिकामी करताना पुडीत बांधून दिलं असेल. पदक परत पाठवावं म्हणून मी पुस्तिकेतला तपशील जोडून एका कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. रशियात सोव्हिएत काळातली सरकारी पदकं विकणं आणि विकत घेणं हा आजही गुन्हा आहे, हे मला पुढे कळलं. म्हणजे माझं कपाट मॉस्कोत असतं तर मी आरोपी झालो असतो.

मग छंद सोडला का? नाही. खोटं कशाला सांगू? पण त्याची पद्धत बदलली. बँकेत सेफ कस्टडीची वही असते. ग्राहकानं ठेवलेल्या सीलबंद पाकिटांची नोंद तिच्यात करतात. वस्तू आपल्या तिजोरीत असते, पण आपली नसते. तशी एक वही मी घातली. पदक कोणतं, कधी आलं, किती पैसे दिले, क्रमांक कोणता, आणि माणूस. माणसाच्या रकान्यात जे खात्रीनं कळलं तेवढंच लिहायचं. शेवटचा रकाना 'वारस'. तेव्हापासून मी एकही पदक विकलेलं नाही. संग्राहक मित्र हसतात. म्हणतात, "बँक सुटली, पण वही सुटली नाही."

तर अशी ती वही घेऊन मी शेंडीला गेलो. पहिला पाऊस पडून गेला होता, कळसूबाईच्या बाजूला ढग उतरले होते. चौकट भिंतीवरून काढून आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी त्याला बाजारभाव सांगितला. हे बिल्ले लाखांनी निघाले होते, त्यामुळे बहुतेकांना आज पन्नास-शंभराच्या पलीकडे कुणी देणार नाही. पाहुणा काही फसवत नव्हता, पाच हजार हा बरा भाव होता. तरुणाचा चेहरा थोडा पडला. आजोबांचा ठेवा लाखाचा असेल, असं त्याला कुठेतरी वाटलं असावं.

"आजोबांनी कोणता बिल्ला कुठून आणला, माहीत आहे?" मी विचारलं.

त्याला दोन सांगता आले. एक ताश्कंदचा, एक मॉस्कोतल्या शेतीप्रदर्शनाचा. आजोबांचे वडील धरणावर चुना वाहत, हे मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. ज्या भिंतीकडे पाठ करून तो रोज पर्यटकांचे फोटो काढून देतो, ती भिंत आपल्या पणजोबानं बांधली आहे, हे त्याला मी सांगत होतो. मी, म्हणजे दोन वर्षांसाठी बदलीवर आलेला परका माणूस. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे मला लिहून द्या."

"मी नाही. तू लिही. मी सांगतो."

मुलीच्या वहीचं पान फाडून त्यानं लिहिलं. दोन बाजू भरल्या. पाहुण्याला त्यानं दुहेरी असलेले तीन बिल्ले तीनशे रुपयांना दिले. नको म्हणण्याएवढी चैन त्याला परवडणारी नव्हती आणि मीही त्याला उपदेश केला नाही. उरलेले भिंतीवर परत गेले. खाली ते पान चिकटवलं आहे. आता जेवायला बसलेली माणसं ते वाचतात, असं तो सांगतो.

अभ्र्यावर एक जागा मोकळी आहे. कापडाला तिथे टाचणीचं भोक आणि गंजाचा गोल डाग आहे. मी खिशातून लहानग्या लेनिनची चांदणी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती परत माझ्याकडे सरकवली. "आजोबांनी तुम्हाला दिलाय. राहू द्या."

रात्री पाऊस थांबला. तंबूबाहेर कंदिलाच्या उजेडात मी वही उघडली. पहिल्या पानावरची पहिली नोंद त्या चांदणीची आहे. तिच्यासमोर 'वारस' या रकान्यात मी त्याचं नाव लिहिलं आणि पलीकडे त्याची सही घेतली. मग सवयीनं पानं उलटत गेलो. सहा मुलांच्या त्या आईच्या नोंदीसमोरचा रकाना सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं रिकामा आहे. त्यावर मी अजून रेघ मारलेली नाही.